कॅन्सल दाबलं की काय होतं?

दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं एक सॉफ्टवेअर आम्ही हिंजवडीत बसून सांभाळायचो. क्लायंट इंग्लंडचा. वेळ रद्द करायला गेलं की स्क्रीनवर यायचं, ‘आर यू शुअर टू कॅन्सल धिस अपॉइंटमेंट?’ एका सकाळी क्लायंटचा मेल आला: हे इंग्रजी चुकीचं आहे.

होतंच चुकीचं. ‘ही इज शुअर टू विन’ म्हणजे तो जिंकणारच. समोरच्याचा निर्धार विचारायचा तर ‘आर यू शुअर यू वॉन्ट टू कॅन्सल’ हवं. पण आपल्याकडे ‘शुअर टू’ इतकं रुळलंय की कॉन्व्हेंटवाल्यांनाही त्यात खटकेना. मीटिंगमध्ये डिक्शनऱ्या उघडल्या, आवाज चढले.

सपोर्टचे फोन घेणारी मुलगी तोवर गप्प होती. मग म्हणाली, “सर, वाक्य काहीही करा, पण लोक कॅन्सल दाबतात आणि अपॉइंटमेंट तशीच राहते. मग ‘आलो नाही’ म्हणून दंड लागतो, आणि शिव्या मला.”

खाली बटणं दोन: ओके आणि कॅन्सल. रद्द करायला ओके दाबायचं! त्या खिडकीसाठी ब्राउझरचं तयार ‘कन्फर्म’ फंक्शन वापरलं होतं. त्यात प्रश्न आपला असतो, बटणं ब्राउझरची. त्यांवरचे शब्द बदलताच येत नाहीत. ब्राउझर पोलिश भाषेत असेल तर प्रश्न इंग्रजीत आणि बटणं पोलिशमध्ये. इतका वेळ आम्ही वाक्याचा अर्धाच भाग तपासत होतो. बटणावर क्रियापद लिहा, हे ॲपलच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं छापलेलं आहे, वाचतो कोण!

दुपारी स्वतःची खिडकी बनवली. वर ‘कॅन्सल युवर अपॉइंटमेंट?’, त्याखाली वार, वेळ आणि डॉक्टरचं नाव. बटणं ‘कॅन्सल अपॉइंटमेंट’ आणि ‘कीप अपॉइंटमेंट’. ‘आर यू शुअर’ची गरजच उरली नाही, ज्यावरून सकाळ गेली ते वाक्यच उडालं. घरच्या सगळ्यांच्या वेळा एकदम रद्द करण्याच्या पानावर ‘1 अपॉइंटमेंट्स’ येत होतं, तेही जाताजाता निस्तरलं. इंग्रजीत एकवचन-अनेकवचनावर भागतं. अरबीत संख्येप्रमाणे सहा रूपं सांभाळावी लागतात, त्या मानाने आम्ही सुखी.

संध्याकाळी सगळ्या कोडमध्ये ‘कन्फर्म’ शोधलं. यादी स्क्रीनभर लांबली. कुठून सुरुवात करायची यावर पुन्हा मीटिंग लागणार होती, पण त्या मुलीने खुर्ची ओढली आणि कशावरून जास्त फोन येतात ते एकेक करून सांगायला लागली.