तुम्ही विचारलंत म्हणून: कोपर वर की खाली?

“सर, बॅट धरायची एक काहीतरी बरोबर पद्धत असेलच ना? मग प्रत्येकाला वेगळं का सांगता?” बेसबॉल शिकवायला लागल्यापासून पालकांचा हा प्रश्न काही सुटलेला नाही.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा असतो 60 फूट 6 इंचांवर. ताशी 90 मैलांचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे फलंदाजासमोरच्या पाटीवर येतो. एवढ्यात बॅट वेळेवर पोचली पाहिजे, बाकी सगळं त्यासाठी. जपानचा फलंदाज सादाहारु ओ याची बॅट नेहमी उशिरा पोचायची. 1962 मध्ये प्रशिक्षक हिरोशी अराकावांनी त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं केलं. त्या वर्षी 38 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके), आणि कारकिर्दीत 868. जपानचाच शोहेई ओहतानी, त्याचं नेमकं उलटं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर त्याने पाय उचलणंच सोडलं, नुसता चवडा टेकवायला लागला. त्या हंगामात 22 होमरन. आता सांगा, पाय उचलायचा की नाही?

हे मला ठाऊक होतं, तरी मी एका मुलीचे तीन आठवडे वाया घालवले. उजव्या हाताने खेळणारी, मागचं कोपर झेंड्यासारखं वर, आणि फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, सगळे उजवीकडे. मी कोपर खाली आणायच्या मागे लागलो. कोपर आलं खाली, फाउल तिथेच. शेवटी मोबाइलवर बाजूने चित्रण केलं आणि सावकाश चालवून पाहिलं, तर चेंडू निम्म्याच्या पुढे आला तरी तिचा पुढचा पाय हवेतच! म्हणून बॅट उशिरा यायची आणि फटके उजवीकडे जायचे; कोपराचा काही संबंधच नव्हता. तिला एवढंच म्हटलं, “पिचरचा हात मागे गेला की टाच उचल.” दहाव्या-बाराव्या चेंडूला ठाक्‌ असा आवाज आला आणि चेंडू सरळ पिचरच्या डोक्यावरून गेला.

हेच वाक्य मी दुसऱ्या एका मुलाला सांगितलं, तर तो टाचेचाच विचार करत बसला आणि चेंडू बघायचा विसरला. त्याला मी आता काहीच सांगत नाही, फक्त चेंडू वेगवेगळ्या उंचीवर टाकतो. पाय आपोआप जागेवर येतात.

त्या मुलीचं कोपर पुन्हा वर गेलंय. बघून अजून माझे हात शिवशिवतात. परवा एक नवे पालक जवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, हिचं कोपर जरा जास्तच वर नाही का?”