कामधंदा: नाही

"तुम्ही काय काम करता?" या प्रश्नाला त्या सकाळी अकरा बायकांनी मला एकच उत्तर दिलं. "वाला." म्हणजे काही नाही. दोघी-तिघींनी पुस्ती जोडली, "सा बालाय रा." घरीच असते. मी टॅबवर 'कामधंदा: नाही' या ओळीला टिचकी मारत पुढच्या घरी जात होते.

ही २०१८च्या जूनमधली गोष्ट. फिलिपिन्सच्या मध्यभागी सिकिहोर नावाचं एक बेट आहे. १९७१ पर्यंत तो शेजारच्या निग्रोस ओरिएंटल प्रांताचा उपप्रांत होता, आता स्वतंत्र प्रांत आहे. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम ७२ किलोमीटरचा. भाड्याची स्कूटर घेतली तर सकाळी निघून, वाटेत दोनदा नारळपाणी पिऊन, दुपारच्या जेवणाला परत येता येतं. एवढ्यात सहा पालिका बसवल्यात आणि सहाही समुद्राला लागून. त्यातली आकाराने सर्वांत लहान, ईशान्येच्या अंगाला असलेली एन्रिके व्हिलानुएवा माझ्या वाट्याला आली होती. निग्रोस ओरिएंटलच्या एका जुन्या गव्हर्नरांचं हे नाव. गावाचं मूळचं नाव तालिंगतिंग. मला तेच जास्त आवडतं, तोंडात घुंगरू वाजल्यासारखं.

मी तेव्हा समोरच्या बेटावर, दुमागेते शहरातल्या एका संस्थेत नकाशे आणि सर्वेक्षणाचं काम करायचे. सिकिहोरला निघाले तेव्हा ऑफिसातल्या दोघांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, तिथे कुणी खांद्यावर हात ठेवला तर तूही लगेच त्याच्या खांद्यावर ठेव. आसपासच्या बेटांवर सिकिहोरचं नाव जादूटोण्यासाठी निघतं. मी मूळची कोकणातल्या आचऱ्याकडची. राखणदार देवचाराला वाट विचारून मोठ्या झालेल्या माणसाला असल्या गोष्टींचं काय अप्रूप! उलट जरा घरच्यासारखंच वाटलं.

पालिका म्हटलं की आपल्याला घंटागाडी आणि पाणीपट्टी आठवते. इथली पालिका म्हणजे सहा हजारांच्या आसपास वस्ती, चौदा बारांगाय, चुनखडीच्या खडकावर कसाबसा तगलेला मका, कसावा आणि नारळ. बास्केटबॉलच्या मैदानात एका बाजूला पोरं खेळतायत आणि दुसऱ्या बाजूला मका वाळतोय. आणि तरी या एवढ्याशा गावाला तीन वर्षांसाठी निवडून दिलेला मेयर, उपमेयर, आठ सदस्य असं सगळं साग्रसंगीत. बारांगाय म्हणजे वाडीपेक्षा मोठं, ग्रामपंचायतीपेक्षा जरा लहान असं काहीतरी. त्याचा प्रमुख तो कपितान. बारांगाय हा शब्दच मुळी 'बालांगाय' या होडीवरून आलाय. एका होडीतून आलेलं कुळ म्हणजे एक गाव.

मला खरा हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथल्या १९९८च्या मत्स्य कायद्याने किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतचा समुद्र पालिकेच्या ताब्यात दिलाय. कुणी कुठे जाळं टाकायचं, कुठे टाकायचं नाही, हे गावातले लोक ठराव करून सांगतात. आपल्याकडे १९८१च्या कायद्याने समुद्र राज्याच्या मत्स्यखात्याकडे. आमच्या ग्रामपंचायतीच्या हाती पुळणीवरची कचराकुंडी कुठे ठेवायची एवढंच. तिथे मात्र उत्पन्नाच्या वर्गवारीत तळाकडे असलेली, मनिलाहून येणाऱ्या वाट्यावर दिवस काढणारी पालिका जमिनीपेक्षा कितीतरी मोठ्या पाण्याची मालकीण.

माझं काम होतं या पालिकेचं 'प्रोफाइल' अद्ययावत करणं. लोकसंख्या, जमिनीचा वापर, पिकं, होड्या, मासेमार, पिण्याचं पाणी, संडास. याच कागदावर पुढे विकास आराखडा उभा राहतो. सोबत आणखी एक काम होतं, नव्या राखीव सागरी क्षेत्राची रेषा सुचवायची. राखीव म्हणजे आत कुणी काहीच काढायचं नाही. हा प्रयोग या भागात जुना आहे. १९७४ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. आंहेल आल्काला आणि त्यांच्या विद्यापीठाच्या लोकांनी सुमिलोन बेटावर सुरुवात केली, पुढे १९८०च्या दशकात आपो बेटावर गावकऱ्यांनीच तो पेलून दाखवला. आपोच्या पाण्यात मी उतरलेय. मासे अंगावर येतात अक्षरशः. तेव्हा राखीव क्षेत्र हवं की नको हा वादच माझ्या डोक्यात नव्हता.

रेषा मी दुमागेतेहून निघण्याआधीच आखली होती. उपग्रहचित्रात किनाऱ्याला लागून प्रवाळाचा उथळ, रुंद सपाट पट्टा दिसत होता. मासेमारांच्या बैठकीची टिपणं होती. त्यांच्या होड्या या पट्ट्याच्या पलीकडे, खोल पाण्यात जातात. मी पट्ट्यावर चौकोन काढला आणि शेजारी टीप लिहिली, 'सध्याचा वापर: नगण्य.' हे तीन शब्द माझेच. त्यांचं खापर फोडायला दुसरं डोकं नाही.

दुपार कलली तसा पालिकेचा नियोजन अधिकारी म्हणाला, "मॅम, आता घरी कुणी भेटायचं नाही. हुनास आहे." हुनास म्हणजे ओहोटी. अमावास्येच्या आगेमागेची, खोलवर ओसरणारी. मी म्हटलं, मग बायका तरी असतील की घरी. तो नुसता हसला.

किनाऱ्याच्या बंधाऱ्यावर आले आणि उभीच राहिले. सकाळी जिथे पाणी होतं तिथे समुद्रगवताचं ओलं कुरण पसरलं होतं, दूरवर लाटांची पांढरी कड. आणि त्या कुरणभर माणसं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेली, कमरेत वाकलेली. बंधाऱ्यावर बसून मोजली. बायका ४७, पुरुष ६, पोरं वेगळी. सकाळच्या अकरांपैकी सात जणी मला शर्टावरून ओळखू आल्या. 'कामधंदा: नाही' सगळ्या एका रांगेत कामाला लागल्या होत्या.

मी तशीच खाली उतरले. पायात रबरी चप्पल. शंभरेक पावलांवर एका डबक्यात पाय घसरला आणि टाचेच्या वर आग लागल्यासारखं झालं. काळा, लांब काट्यांचा समुद्री साळिंदर. तिकडे त्याला तुयोम म्हणतात. काटे आतच मोडले. मी ओरडले असणार, कारण सत्तरीची एक बाई बादली टाकून आली. सकाळी हिच्याच पायरीवर मी बसले होते. तिने मला खडकावर बसवलं आणि एका गुळगुळीत दगडाने काट्यांच्या जागी ठोकायला सुरुवात केली. हळूहळू नव्हे, चांगलं ठणठणीत. आत काट्यांचा चुरा झाला की तो जिरतो म्हणे. मग पोरीला हाक मारून म्हणाली, "सुका, सुका!" मला क्षणभर सुका जवळाच आठवला. आलं ते व्हिनेगर. तिकडे व्हिनेगरला सुका म्हणतात. ते ओतत ती मला "दाय" म्हणत होती. 'इंदाय'चं आखूड रूप, लहान मुलीला हाक मारायचं. आपल्याकडचं 'बाय'च की!

पाय तिच्या मांडीवर, म्हणून बादली माझ्या अगदी नाकासमोर. वर हिरव्या द्राक्षांच्या बारक्या घडांसारखी दिसणारी लातो ही समुद्रवनस्पती. तिच्याखाली सातेक स्वाकी, म्हणजे आखूड काट्यांचा, खायचा साळिंदर. दोन मोठे सा-आंग शंख, बोटं फुटल्यासारखे. तळाशी मूठभर बारीक अनिनिकाद शंख. आणि हिरव्या शेवयांच्या गुंडाळ्यासारखं काहीतरी, लुकोत. समुद्री गोगलगायीची अंडी. व्हिनेगर आणि कांदा घालून कच्चीच खातात. तिने चिमूटभर माझ्या तोंडात घातली. कुरकुरीत, खारट, दुसऱ्यांदा मागून घेतली.

मग मी विचारलं, हे रोज? रोज नाही, पाण्यावर असतं, ती म्हणाली. आता दिवसा खूप ओसरतं. वर्षअखेरीला रात्रीचं ओसरतं, तेव्हा दिवा घेऊन यायचं. त्या दिवसांत अमिहान, म्हणजे ईशान्येचा वारा, या किनाऱ्यावर थेट आदळतो. नवऱ्याची होडी आठ-आठ दिवस वर ओढलेली. मग घरात खायला काय? तिने बादलीकडे हनुवटी उडवली. स्वाकीची अंडी काचेच्या पेल्यात भरून विकते, एका पेल्यामागे किलोभर तांदळाचे पैसे येतात. कुठल्या खडकाखाली यंदा हात घालायचा नाही, स्वाकी केवढा झाला की उचलायचा, हे तिच्या आईने सांगितलेलं.

"मग सकाळी 'वाला' का म्हणालात?"

"तू त्राबाहो विचारलंस," ती म्हणाली. "हे पांगिनहास."

त्राबाहो म्हणजे काम, स्पॅनिश शब्द. कामाला माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो, कुणीतरी पगार देतं. पांगिनहास म्हणजे ओहोटीला जाऊन वेचणं. आणि शेजारीच माझा टॅब, त्यात 'कामधंदा' या शब्दाचं तिथल्या सेबुआनो भाषेत भाषांतर केलेलं: त्राबाहो. सरकारच्या मासेमार नोंदणीत अशा वेचणाऱ्यांसाठी वेगळा पर्याय आहे, मला माहीत होतं. पण तो पर्याय निवडायला बाईने आधी स्वतःला त्यात धरायला हवं. आणि विचारणारीने नीट विचारायला हवं.

मला त्या खडकावर आजी आठवली, हे सांगायलाच हवं का? सुकती लागली की ती पाटी आणि कोयती घेऊन खाडीत उतरायची. कालवं, तिसऱ्या, मुळे. पावसाळ्यात होड्या बंद असताना आमच्या ताटात जे काही माशाच्या वासाचं असायचं ते तिचं. आणि जनगणनेचा माणूस आला की आजोबा सांगायचे, "ती घरीच असते." आजीही मान डोलवायची.

संध्याकाळी सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून नियोजन अधिकाऱ्याला नकाशा दाखवला. माझा चौकोन बरोबर त्या ४७ बायकांच्या डोक्यावर होता. तो बराच वेळ बघत राहिला. "बैठकीला होडीवाले येतात," तो म्हणाला, "ते म्हणतात इथे घ्या, आमची हरकत नाही." हरकत कशाला असेल? त्यांचं काहीच जात नव्हतं. मी 'नगण्य' खोडलं. चौकोनही खोडला. वरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होताच. सहा आठवड्यांचं काम वाया गेलं म्हणून मला पुढे बोलणी बसली, तीही योग्यच होती. एवढी रेघ ओढण्याआधी एक ओहोटी बघायला हवी होती.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही तीच घरं पुन्हा घेतली. यावेळी काम विचारलं नाही. "काल हुनासला कुठे होतात?" एवढंच विचारायचं. पाच मिनिटांत आटपणारी मुलाखत चाळीस मिनिटं चालायला लागली. बायका अंगणातल्या धुळीत काडीने खडक काढून दाखवायच्या, प्रत्येक खडकाला नाव. त्या नावांचा एक वेगळा नकाशाच झाला. त्यावरून जी नवी रेषा पुढे आली ती खोल कडेला गेली आणि तिच्यावर होडीवाल्यांची हरकत आली. ती वादावादी माझा करार संपला तरी चालूच होती.

दगडाने ठोकणाऱ्या नांगकडे सगळ्यात शेवटी गेले. मोठ्या बाईला तिकडे नांग म्हणतात. तिने आधी पाय बघितला. काळे ठिपके अजून दिसत होते. मग सगळं सांगितलं, मी सगळं टिपलं, आणि उठताना तिने विचारलं, "दाय, हे तू घरोघर फिरून विचारतेस, ते त्राबाहो का?"

"हो," मी म्हटलं.

"पगार मिळतो?"

"मिळतो."

ती कुंपणापलीकडच्या शेजारणीला काहीतरी ओरडून म्हणाली आणि दोघी पोट धरून हसत सुटल्या. काय म्हणाली ते मला दुभाष्या पोराने शेवटपर्यंत सांगितलं नाही.