अकरा नंबरची बादली

सोसायट्यांचे कंपोस्टचे खड्डे सांभाळणं हा माझा व्यवसाय. खड्डे आपलं म्हणायचं, प्रत्यक्षात ते जाळीदार विटांचे छातीपर्यंत उंच हौद असतात. पुण्यात गेली नऊ वर्षं हेच करतेय. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर नवरा ‘पर्यावरणाचं काम करते’ म्हणून सांगतो. मी ‘कचऱ्याचं’ म्हणते आणि समोरची बाई ताटासकट जरा लांब सरकते.

त्या सोसायटीने मला बोलावलं ते वासासाठी. कोथरूडमधली ४८ फ्लॅटची सोसायटी, चार हौद, चारही बिघडलेले. सेक्रेटरींनी निदान आधीच करून ठेवलं होतं: कचरा गोळा करणाऱ्या ताई नीट काम करत नाहीत. उपायही ठरला होता: यंत्र. चोवीस तासांत खत देणाऱ्या यंत्राचं गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर तयार होतं. असली यंत्रं मी पाहिली आहेत. आतला हीटर वीज खाऊन कचरा वाळवतो आणि तपकिरी भुगा बाहेर काढून देतो. त्या भुग्यावर पाणी घाला, दोन दिवसांत बुरशी धरून तो पुन्हा वास मारायला लागतो, कारण कुजायचं राहूनच गेलेलं असतं. सकाळी विरजण लावून नाश्त्याला दही मागण्यातला हा प्रकार.

यंत्र नको असेल तर सगळा कचरा महापालिकेच्या गाडीत टाकू, असाही एक सूर कमिटीत होता. तो मार्ग तेव्हा बंद होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांवर ओला कचरा शक्यतो आतच जिरवायची जबाबदारी टाकली होती. आणि गाडीत टाकलेलं कुठेतरी जातंच. पुण्याचं वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला जात होतं. तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, शहरात कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा कुठे आम्हा पुणेकरांना त्या गावांची नावं पाठ झाली.

मी हौदात हात घातला. वासातही प्रकार असतात. डोळ्यांना, नाकाला झोंबणारा असेल तर ओलं जास्त आणि सुकं कमी पडतंय. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही. इथे दुसरा होता. मूठभर माल दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, इथे कोपरापर्यंत ओघळ आला. एक बादली ओल्यामागे निदान बादलीभर सुका पाला लागतो. पाला कुठे टाकता विचारलं, तर माळी तो पोत्यांत भरून गेटबाहेर ठेवत होता आणि हौदासाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा दुकानातून येत होत्या. यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरली आणि ताईंच्या मदतीने सोसायटीचा एका दिवसाचा ओला कचरा उपडा केला. कमिटीतल्या तिघांना मुद्दाम बोलावलं होतं. दोघे नाकाला रुमाल लावून आले, एक गॅलरीतून बघत राहिले.

ताई ‘स्वच्छ’च्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद. या इमारतीत त्या माझ्या कितीतरी आधीपासून येतात. त्या वेगळं करत गेल्या, मी मोजत गेले. कोथिंबिरीच्या अख्ख्या जुड्या निघाल्या, पाच, रबरबँडसकट. रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी भरायची आणि शनिवारी काळी पडलेली टाकायची, हा चाळीसेक घरांचा शिरस्ता. निम्मी भांडी पाण्यासकट ओतलेली: आमटी, रस्सा, डाळीचं पाणी. हारांचे दोरे, जे खत चाळताना चाळणीला गुंडाळून बसतात. हिरव्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्या, ज्या दोन पावसाळे हौदात राहूनही जशाच्या तशा निघतात. लोक त्या जादा पैसे मोजून विकत घेतात, मला खरंच त्यांची दया येते.

आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. यावर मी तासभर बोलू शकते. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारात चांगली विकली जाते. पण कात्रीने उडवलेला नखाएवढा त्रिकोण ओट्यावरून भाजीच्या सालांबरोबर ओल्या कचऱ्यात येतो. तो कुजत नाही, विकला जात नाही, चाळणीतून बिनदिक्कत खाली पडतो आणि शेवटी कुणाच्या तरी गुलाबाच्या कुंडीत जातो. कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवायचा, एवढंच करायचं असतं. कात्री अर्धा सेंटिमीटर आधी थांबवायची. त्या दिवशी आम्ही असे १९ त्रिकोण वेचले. मी ते चहाच्या बशीत घालून सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवले.

मग आठवडाभर घरोघरच्या बादल्या वजन केल्या. ४८ पैकी ३१ घरं तयार झाली. हुकाचा काटा, वही, प्रत्येक बादलीवर फ्लॅटचा नंबर, आणि आत काय आहे याचा मोबाइलवर फोटो. सकाळी सात ते नऊ, दिवसाला तीनशे वाकणी. चार-पाच माणसांच्या घराची बादली ८०० ग्रॅम ते किलोभर भरायची.

अकरा नंबरची ९०० भरली. पुढच्या दिवशी ८५०. तिथे एकच माणूस राहतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आत रोज तेच. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चार पोळ्या, भाताची मूद, प्लॅस्टिकच्या गोल डब्यात उसळ किंवा भाजी. वहीत मी त्या नंबरापुढे लाल शाईने लिहिलं: ‘सर्वांत मोठी संधी’. आमच्या धंद्यात असं लिहितात.

आजोबा ऐंशीच्या घरातले, निवृत्त ड्राफ्ट्समन. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी नाशिकला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, डायरी उघडून पेन काढलं. इतका शिस्तीचा श्रोता मला क्वचित मिळतो. मी सगळं सांगितलं: डबेवाल्या बाईंना अर्धा डबा सांगा, फॉइलऐवजी स्टीलचा डबा द्या म्हणजे रोजचा एवढा सुका कचराही वाचेल, उरलंच तर पोळी कुस्करून फोडणीला टाका. त्यांनी एकेक मुद्दा मोत्यासारख्या अक्षरात उतरवला. मग विचारलं,

“म्हणजे खाली वास येतो तो माझ्यामुळे?”

मी हसून म्हणाले, “थोडासा.”

खरं तर शिजवलेलं अन्न हौदात वास करतंच, वाक्य चुकीचं नव्हतं.

पुढचा महिना माझ्यासाठी बरा गेला. पोती गेटवरून हौदाजवळ आली. आंबट ताक शिंपडलं, आठवड्याने खालीवर केलं, काडी-काटक्यांचा थर देऊन हवेला वाट करून दिली. बायकांच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागितल्या: खरकटं चाळणीत निथळून मगच बादलीत, आणि बादलीला काळी पिशवी न लावता तळाला वर्तमानपत्र. बाकीचं त्यांनीच एकमेकींना शिकवलं. एकीने दोडक्याच्या शिरांची चटणी आणली, दुसरी कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची धिरडी करते असं निघालं. तिसरी म्हणाली, हे सगळं आमच्या सासूबाई करायच्या, तेव्हा आम्ही त्यांना चिकट म्हणायचो. कोथिंबीर अर्धी जुडी आणायची, आणि तीही रविवार-बुधवार अशी दोनदा, हा ठराव मात्र पुरुषांनी मोडला, कारण मंडईत जाणारे ते. वापरलेल्या सॅनिटरी पॅडसाठी वर्तमानपत्राचं पाकीट आणि वर लाल ठिपका, हे पुण्यात आता तसं जुनं झालंय, तरी सात घरांनी पहिल्यांदा सुरू केलं. ताईंना तो ठिपका म्हणजे काय असतो हे ज्यांनी उघड्या हाताने कचरा निवडला आहे त्यांनाच कळेल.

महिन्याने पुन्हा वजनं. एकूण ओला कचरा एक तृतीयांश उतरला होता. आणि अकरा नंबर: १२० ग्रॅम.

मी खूश झाले, ते लपवत नाही. तक्ता रंगीत छापून आणला, लिफ्टशेजारी लावला, पहिल्या ओळीत अकरा नंबर. सेक्रेटरींनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली चोवीस अंगठे आले. पहिल्या तीन घरांना त्याच हौदातल्या खतात लावलेली तुळशीची रोपं द्यायची होती. दोघं खाली आले. आजोबा आले नाहीत, कंबर दुखते म्हणून निरोप पाठवला.

रोप घेऊन वर निघाले तर ताईंनी जिन्यात अडवलं.

“म्याडम, त्यांच्यात जेवण होत नाय. बारा दिस झाले, चहाचा चोथा अन् बिस्किटाचा कागद, दुसरं काय निघत नाय.”

मी म्हटलं, ताई, बोलला का नाहीत?

“सांगितलं की सेक्रेटरीसाहेबांना. ते म्हणले, कचरा कमी करायलेत, चांगलं हाय.”

दार उघडायला वेळ लागला. माणूस अर्धा झाला होता. माझी डायरीतली यादी त्यांनी फाडून फ्रिजला लावली होती, एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण. ‘अर्धा डबा’ या मुद्द्यापुढे लिहिलं होतं: ‘देत नाहीत. बंद केला.’ डबेवाल्या बाईंचा हिशेबही बरोबर होता, अर्ध्या डब्यासाठी त्यांना दोन जिने चढणं परवडत नव्हतं. मग वाया घालवण्यापेक्षा आजोबांनी डबाच थांबवला. रात्री चहा-बिस्किटं, दुपारी कधी केळं. केळ्याची सालं ते कुंडीत पुरत होते, तेही मीच सांगितलं होतं.

“पण आधी तरी जेवत का नव्हतात?” हे मी तेव्हा, पाच आठवड्यांनी विचारलं.

कवळी. नवी करून घेतलेली, हिरडीला खालून टोचत होती. दुपारपर्यंत पोळी वातड व्हायची आणि एक घास चावला की डोळ्यांतून पाणी. मुलीला सांगितलं असतं तर ती धावत आली असती, म्हणून सांगितलं नाही.

त्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवसापासून वरण-भात पाठवायला लागल्या, स्टीलच्या डब्यात, आसट केलेला. पैसे घ्या म्हणून आजोबा हटून बसले, शेवटी महिन्याचा आकडा ठरला. मुलगी त्या शनिवारी आली. दंतवैद्याने कवळी घासून दिली. एवढंच काम होतं ते.

घरी येऊन मी पहिल्या आठवड्याचे फोटो काढून बसले. अकरा नंबरचे सात. फॉइल उघडून मीच पोळ्या पसरल्या होत्या, फोटो नीट यावा म्हणून. सातही फोटोंत वरच्या पोळीची कड चावलेली आहे. एकाच जागी, छोटासा अर्धगोल. बाकीच्या तीन अखंड. रोज एक घास घेऊन बघितलेला होता त्या माणसाने. मी त्या पोळ्या वजन केल्या, फॉइल वेगळं वजन केलं, वाटीचं वजन वजा केलं.

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलेय की बादली खोटं बोलत नाही. वजन, ओल, वास, रंग यांचे रकाने माझ्या वहीत आहेत. ताईंकडे वही नाही. चार नंबरमध्ये बाळंतीण आहे, सव्वीसमध्ये पिणं वाढलंय, नऊमधल्यांचं पटत नाही, हे त्यांना बादल्यांवरून कळतं आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत. त्यांनी एकदाच सांगितलं आणि ऐकणाऱ्याने तक्त्याकडे बोट दाखवलं. तो तक्ता माझा. मैत्रीण म्हणते, तू काय डॉक्टर आहेस का, लोकांच्या घरात किती शिरायचं. तेही खरं. आता मी एक रकाना वाढवलाय, ‘का उरलं?’, आणि तो भरायचा तर रोज कुणाच्या तरी दारात उभं राहून विचारावं लागतं, ज्याचे मला कुणी पैसे देत नाही. निम्म्या घरांत उत्तर मिळतं, निम्म्या घरांत ‘तुम्हाला काय करायचंय’.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वेळची वजनं झाली. हौद आता ठीक आहेत, खाली गडद, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचं खत धरलंय. सेक्रेटरी काट्याशेजारी उभे राहून आकडे वाचत होते. अकरा नंबरची बादली हुकाला लावली. आत भाताची काही शितं, दुधीची सालं, संत्र्याची सालं, आमसुलाचा चोथा.

“चारशे दहा,” ते म्हणाले. “अहो, यांचा वाढला की.”

“हो, वाढला,” म्हटलं आणि लिहून घेतलं.