३४ प्रमाणपत्रं आणि एक कोरा रकाना

पदोन्नतीची फाइल करायची म्हटल्यावर मी आधी कपाट उघडलं. बारा वर्षांच्या नोकरीत जमलेली प्रमाणपत्रं निघाली ३४. कार्यशाळा, चर्चासत्रं, ऑनलाइन कोर्स. तारखेप्रमाणे लावली, अनुक्रमणिका केली, फाइल चांगली जाडजूड झाली. मग अर्जातला शेवटचा रकाना वाचला: तुमच्या अध्यापनामुळे विद्यार्थ्यांच्या शिकण्यात काय फरक पडला, ते पुराव्यासह लिहा. तिथे दोन दिवस एक ओळ सुचली नाही. निकालाची टक्केवारी टाकावी म्हटलं, पण पेपर सोपा निघाला की तीही वाढते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत!

रसायनशास्त्राच्या एक ज्येष्ठ मॅडम या दिव्यातून आधीच गेल्या होत्या. त्यांनी अनुक्रमणिका चाळली आणि विचारलं, "सर, यातलं वर्गात काय वापरलंत?"

एकच गोष्ट वापरली होती. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली 'पीअर इन्स्ट्रक्शन'. व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. माझा लाडका प्रश्न ट्रक आणि छोट्या गाडीच्या धडकेचा: कोणाचं कोणावर बल जास्त? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही बलं सारखीच, पण तो नियम घडाघडा म्हणणारी मुलंही ट्रकसाठी हात वर करतात. मग जो गलका होतो, त्याबद्दल शेजारच्या वर्गातून दोनदा तक्रार आली. ती काही फाइलला लावली नाही.

पुरावा मात्र माझ्याच खोक्यात पडून होता. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही बलाची संकल्पना कितपत कळली ते तपासणारी चाचणी मी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतली होती, पण उत्तरपत्रिका बांधून ठेवल्या त्या ठेवल्याच. आता तपासल्या. सरासरी ३८ टक्क्यांवरून ६१ वर गेली होती. मी खूश. मॅडम म्हणाल्या, "वाढायला जागा किती होती, त्याने भागा." १०० वजा ३८ म्हणजे ६२, २३ भागिले ६२, साधारण ०.३७. भौतिकशास्त्राचेच प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे याच रीतीने मांडले होते. पारंपरिक व्याख्यानांची सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांची ०.४८. म्हणजे मी अधेमधे लटकलेला. नुसतं '२३ टक्क्यांची वाढ' लिहून मोकळं व्हायचा मोह झाला, पण तिन्ही आकडे लिहिले. आधीच्या वर्षी ही चाचणी घेतलीच नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय या पद्धतीला देता येत नाही, हेही लिहिलं.

मग पाठनिरीक्षण. मॅडम घड्याळ घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर विचारलं, "प्रश्न टाकल्यावर तुम्ही किती थांबता?" मी ठोकून दिलं, पाच-सहा सेकंद. त्यांच्या कागदावर होतं: १, १, २, १. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात शिक्षकांबद्दल हेच आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, एरवी गप्प असलेली मुलं बोलू लागतात. पुढच्या आठवड्यापासून मी पाठीमागे हात बांधून बोटं मोजू लागलो. फळ्यापाशी उभं राहून तीन सेकंद काढणं काय असतं, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चौथ्या दिवशी वर्षभरात तोंड न उघडलेला एक मुलगा बोलला. उत्तर चुकीचं होतं, पण नेमकी तीच चूक मला फळ्यावर हवी होती.

सगळ्यात अवघड गेलं ते विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचं पान. त्या सत्रात माझे गुण घसरले होते. एकाने लिहिलं होतं, 'सर स्वतः शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.' हार्वर्डच्याच २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की अशा वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. ही ढाल मिळाल्यावर मी पान लावायला तयार झालो. दुसऱ्या तक्रारीला मात्र ढाल नव्हती: चर्चेनंतर बरोबर उत्तर कोणतं, ते सर स्पष्ट सांगत नाहीत. हे खरंच होतं. तेव्हापासून दर चर्चेनंतरची तीन मिनिटं त्यासाठीच ठेवतो.

पदोन्नतीचं पत्र यायला पुढे चार महिने गेले. मुलाखतीत अध्यक्षांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा एका झटक्यात उलटला आणि थेट घसरलेल्या गुणांवर आले. मी दोन्ही तक्रारी सांगितल्या. अध्यक्ष अर्थशास्त्राचे, त्यांनी ट्रकचा प्रश्न काय आहे ते विचारलं. मी प्रश्न सांगितला, गप्प बसलो आणि टेबलाखाली बोटं मोजू लागलो. तिसऱ्या बोटावर ते म्हणाले, "ट्रकचंच ना?"