आबांचा प्रश्न आणि अमेरिकेतला एक फॉर्म

आमच्या आबांचं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किराणा-भुसारचं दुकान आहे. २०१२ चा सप्टेंबर मला अजून जसाच्या तसा आठवतो, १४ तारखेला केंद्र सरकारनं किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला होकार दिला आणि १९ ला गणपती बसले, त्यामुळं त्या वर्षी दुकानाच्या पायरीवर, मंडळात, आरती झाल्यावर प्रसाद वाटतानासुद्धा एकच विषय, वॉलमार्ट, म्हणजे ती अमेरिकेची मोठी दुकानसाखळी, आली तर आपलं काय. आबा म्हणायचे, "दिल्लीवर कुणीतरी बाहेरनं वजन टाकलंय रे." मी तेव्हा नुकताच कॉलेज संपवून आलेलो, मला वाटायचं हे नुसतं पायरीवरचं बोलणं.

डिसेंबरात लोकसभेत मतदान झालं, सरकार जिंकलं, आणि पुढच्या काही दिवसांतच बातमी आली की वॉलमार्टनं अमेरिकेच्या संसदेकडं लॉबिंगचे, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूनं वळवायला केलेल्या खटपटीचे, जे रिपोर्ट दिलेत त्यातल्या विषयांच्या यादीत भारतातल्या परदेशी गुंतवणुकीचा विषय पण आहे. २००८ पासूनचा सगळा आकडा अडीच कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वाशे कोटी रुपये. आपल्या संसदेत गोंधळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. कंपनीचं म्हणणं होतं की हा अमेरिकेत तिथल्या कायद्यानुसार केलेला खर्च आहे, लाच नाही. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, ते सव्वाशे कोटी एकट्या भारतासाठीचे नव्हते, त्यात त्यांचे टॅक्सपासून कामगार कायद्यापर्यंतचे सगळे विषय होते. भारतासाठी किती, ते त्या रिपोर्टच्या फॉर्मवरनं कळतच नाही.

तेव्हापासनं मला त्या फॉर्मचं वेड लागलंय म्हणा. तिकडं १९९५ चा लॉबिंग डिस्क्लोजर कायदा आहे, २००७ मध्ये तो कडक केला आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्ट देणं बंधनकारक झालं. कंपनीनं किती खर्च केला, कुठल्या बिलावर, कुठल्या खात्याकडं गेले, लॉबिस्टची नावं, तो आधी सरकारात नोकरीला होता का, हे सगळं त्यात येतं, आणि कोल्हापुरात बसून कुणीही फुकट वाचू शकतं. पण आकडा दहा हजार डॉलरच्या पटीत गोल केलेला असतो, आणि कुठल्या खासदाराला भेटले ते नाव नसतं, नुसतं 'सिनेट', 'हाउस' (ही तिथल्या संसदेची दोन सभागृहं), 'कृषी खातं' एवढंच. म्हणजे दार दिसतं, आत कोण बसलं होतं ते दिसत नाही.

तरीपण नुसत्या आकड्यांवरनं किती कळतं बघा. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य सुधारणेसाठी पैसे उभे करायचे म्हणून साखरेच्या कोल्ड्रिंकवर केंद्राचा टॅक्स लावायची चर्चा सुरू झाली. पेप्सिकोचा लॉबिंगचा खर्च आदल्या वर्षी वीस लाख डॉलरसुद्धा नव्हता, तो त्या एका वर्षात नव्वद लाखांच्या वर गेला. कोका-कोलाचा पण तसाच नव्वद लाखांच्या वर. आणि या सगळ्यांची मिळून जी संघटना आहे, अमेरिकन बेव्हरेज असोसिएशन, तिचा १ कोटी ८० लाखांच्या पुढं. तो टॅक्स काही आला नाही. निव्वळ पैशामुळं आला नाही असं मी म्हणणार नाही, महागाई, मतदार, बाकीची पण कारणं असतात, पण खर्चाचा आलेख त्या एका वर्षी असा उभा का चढला याला दुसरं काय कारण असणार?

दुसरं उदाहरण २०११ चं, आणि ते मला जास्त लागलं कारण ते पोरांच्या ताटातलं आहे. शाळेच्या जेवणात पिझ्झ्यावरची दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट अर्धा कप भाजीएवढी धरायचे. तिथल्या कृषी खात्यानं ठरवलं की असं नको, जेवढी पेस्ट आहे तेवढीच मोजायची. शाळांना फ्रोझन पिझ्झा पुरवणारी श्वान फूड कंपनी, कॉनॅग्रा आणि फ्रोझन फूडवाल्यांची संघटना याच्या विरोधात उतरली, श्वान मिनेसोटाची, तर मिनेसोटाच्याच सिनेटर एमी क्लोबुचर यांनी खात्याला पत्र लिहिलं, आणि नोव्हेंबरात संसदेनं खर्चाच्या बिलातच कलम घालून खात्याचे हात बांधले. दोन चमचे पेस्ट अर्धा कप भाजीच राहिली.

आता इथलं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्याचा चेअरमन आणि आमदार एकच असणं यात कुणाला नवल वाटत नाही. शेतकरी पण दबाव आणतो, पण तो उघड, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत माइकवर दर मागतो नाहीतर हायवेवर बसतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती, तिच्यावर किती मिळावेत याचं भांडण सगळ्या गावासमोर होतं. बंद खोलीत कंपनीची माणसं अधिकाऱ्याला भेटतात त्याची मात्र आपल्याकडं कुठंच नोंद नाही, लॉबिंग नोंदवायचा कायदाच नाही. निवडणूक रोख्यांचं बघा, २०१८ पासून सुरू होते आणि कुणी कुणाला दिले ते कळायला फेब्रुवारी २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.

मागच्या रविवारी मी आबांना मोबाइलवर तो अमेरिकेतला फॉर्म दाखवला, एकेक रकाना मराठीत सांगितला. चष्मा वर सरकवून त्यांनी निवांत ऐकलं आणि विचारलं, "आपल्याकडं ह्यो कागद कुठं मिळतो?"

मिळत नाही. म्हणून मी आता एक अर्ज करतोय. चिप्स-बिस्किटांच्या पाकिटावर पुढच्या बाजूला साखर-मिठाचा इशारा छापायचा का याचा घोळ एफएसएसएआयकडं, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडं, कितीतरी वर्षं चाललाय, २०२२ मध्ये त्यांनी स्टार देण्याचा मसुदा काढला, आरोग्यवाल्यांना सरळ इशारा पाहिजे होता. माहिती अधिकारात मी एवढंच विचारलंय की या विषयावर कुठल्या कंपन्यांच्या आणि संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर कुठल्या तारखांना बैठका झाल्या आणि त्यांची इतिवृत्तं द्या. फी दहा रुपये, ऑनलाइन भरता येते. उत्तर आलं की इथंच टाकतो, आणि तुमच्यापैकी कुणी याआधी असा अर्ज केला असेल तर प्रश्न कसा लिहिला ते मला नक्की कळवा.