आईची मांडी, दोन पट्ट्या आणि शंभर टक्के

एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या, थिसिसचा पायलट (आधीचा छोटा प्रयोग) करायचा होता, गुडघेदुखीवाला पेशंट हवा होता, आणि एक तर घरातच होती, म्हणून आईलाच लॅबमध्ये नेलं. वायरी बघून म्हणाली, "करंट सोडणारेस का गं?" म्हटलं, नाही गं, तुझ्या स्नायूत आहे तोच बघायचाय.

गुडघा सरळ करताना मांडीचा पुढचा स्नायू आवळतो, तेव्हा मागच्या हॅमस्ट्रिंगने सैल पडायचं असतं. पण ओल्या फरशीवरून चालून बघा, दोन्ही एकदम आवळतात, सांधा गच्च धरून ठेवतात. हेच को-ॲक्टिव्हेशन. गुडघा झिजलेल्यांमध्ये साध्या चालण्यातही ते जास्त दिसतं, सांधा सावरतो खरा पण दोन्हीकडून दाबलाही जातो.

मोजायचं सरफेस ईएमजीने, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून स्नायूतला विजेचा सिग्नल टिपायचा, आणि त्यात अर्धा वेळ हजामतीत जातो! केस काढा, स्पिरिटने पुसा, मग स्नायूच्या फुगीर भागावर 2 सेंटिमीटर अंतराने दोन इलेक्ट्रोडच्या पट्ट्या. आईला घाम आला, एक पट्टी सुटली आणि स्क्रीनवर स्नायूऐवजी घरच्या विजेची 50 हर्ट्झची जाड रेघ, मी अर्धा तास मशीनला शिव्या घालतेय, मॅडम आल्या, अंगठ्याने पट्टी दाबली, संपला विषय.

खरी गंमत आकड्यात आहे. फाल्कनर आणि विंटर यांची 1985 ची पद्धत अशी की दोन्ही स्नायूंचे आलेख एकमेकांवर ठेवायचे, सामाईक भागाची दुप्पट करायची आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. आता दोन्ही स्नायू 5 टक्क्यांवर असले तरी उत्तर 100 टक्के आणि 50 वर असले तरी 100च! म्हणून काही जण लहान भागिले मोठा, गुणिले दोघांची बेरीज असं करतात, मग तेच 10 आणि 100 येतात. डेटा तोच बरं का.

आणि हे टक्के कशाचे, तर पूर्ण जोर लावल्यावर येणाऱ्या सिग्नलचे. मी पट्ट्याला पाय बांधून "लाव आई, अजून लाव" ओरडतेय आणि ती तोंड वाकडं करून "दुखतंय गं, पुरे." अर्ध्या जोरात थांबली, म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच छोटा, मग चालतानाचे टक्के फुगणारच ना. तिसऱ्या ट्रायलला तर तिने पट्टा स्वतःच सोडला.

मी एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवला: जोर लावताना दुखलं का, 10 पैकी किती. आई म्हणाली, "सात लिही. आणि आता रिक्षा बघ."