सोयराची राहून गेलेली गोष्ट

आठवीत असताना आपल्या ग्रंथालयातल्या इंग्रजी कपाटातून मी जी. ए. हेन्टी यांची ‘ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट’ ही किशोरांसाठीची कादंबरी घरी नेली होती. मराठ्यांच्या युद्धावरची, म्हणून. शब्दकोश उघडून वाचायचो. जुन्नर, पुणे, नाना फडणवीस ही आपली नावं चमत्कारिक स्पेलिंगमध्ये भेटली की अंगावर मूठभर मांस चढायचं.

निवृत्तीनंतर ती पुन्हा वाचली आणि मन खट्टू झालं.

कल्पना आजही विलक्षण वाटते. इंग्रजांनी मराठ्यांवर केलेल्या १७७९च्या वडगाव मोहिमेच्या धामधुमीत हॅरी लिंडसे या इंग्रज बाळाचे आईबाप मारले जातात. सोयरा ही त्याची दाई त्याला जुन्नरकडे आपल्या भावाच्या घरी नेते, अंगाला रंग चोपडून मराठ्याचं पोर म्हणून वाढवते. शेजारणींना ती काय सांगत असेल? पावसात पोर भिजून आलं की तिच्या काळजाचं काय होत असेल? हेन्टी तिथे रेंगाळतच नाहीत. त्यांना घाई हॅरीला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी करण्याची. मग १८०३ची असईची लढाई, १८०५चा भरतपूरचा वेढा. जिथे लढाई तिथे हॅरी. ज्यांच्या अंगणात वाढला त्यांच्यावरच चालून जाताना त्याच्या मनाची ओढाताण होत नाही. आपली भाषा, आपला वेश त्याला उपयोगी पडतो तो वेषांतरापुरता.

हेन्टी मूळचे युद्धवार्ताहर. फौजांच्या हालचाली लिहाव्यात तर त्यांनीच. पण माणसं? वडगावच्या त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ इंग्रजांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. मावळातल्या लोकांनी शत्रूच्या या शूर माणसाला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवलं, वडगावात त्याची समाधी जपली. एवढा मनाचा मोठेपणा ज्या मातीत होता, तिथे वाढलेल्या हॅरीला त्यातलं काहीच लागू नये, हे मला फार खुपलं.

तरी ते पुस्तक कपाटातून काढू नये, असं मला कळकळीने वाटतं. मुलांनी ते वडगावच्या नकाशासह वाचावं. आणि सोयराच्या बाजूने ही गोष्ट आपल्या शाळेतल्या कुणी मुलीने लिहून काढली, तर छपाईचा खर्च मी आनंदाने करीन.